असोसिएशन मालकांची, मतं कोणाची?

वाचक विचारतात

माझं वय ६४. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. १९९७ साली यजमानांनी पाचगणीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये टाइमशेअर घेतला. म्हणजे दरवर्षी उन्हाळी हंगामातला एक आठवडा चौघांची खोली आपली. पंच्याऐंशी हजार भरले, त्यातले निम्मे पतपेढीचं कर्ज काढून. सर्टिफिकेटवर ‘मालक-सभासद’ असं लिहिलंय आणि रिसॉर्टची ओनर्स असोसिएशनही आहे. मुलं लहान असताना आम्ही नेमाने जायचो. तेव्हा मेंटेनन्स वर्षाला अडीच हजार होता, आता अठरा हजार आहे. गाद्या जुन्या झाल्यात, गीझर चालत नाही. मे महिन्यात खोली मागितली की ‘फुल’ म्हणतात, आणि त्याच तारखांना त्याच रिसॉर्टच्या खोल्या इंटरनेटवर भाड्याने मिळताना दिसतात.

दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. सर्टिफिकेट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, नॉमिनी मी. आता असोसिएशनचं पत्र आलंय. रिसॉर्टचा पुनर्विकास करायचा, सगळ्यांचे आठवडे ‘पॉइंट्स’मध्ये बदलायचे, आणि प्रत्येकाने पंचेचाळीस हजार विशेष वर्गणी द्यायची. पुढच्या महिन्यात पाचगणीला सभा आहे. सोबतच्या प्रॉक्सी फॉर्ममध्ये, म्हणजे माझ्या वतीने दुसऱ्याने मत द्यायच्या अधिकारपत्रात, रिसॉर्ट चालवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचं नाव आधीच छापलंय, मी फक्त सही करायची. उत्तर आलं नाही तर संमती गृहीत धरू, असंही लिहिलंय. मुलगा म्हणतो, पैसे भरणं बंद कर आणि विषय सोड. जाऊबाई म्हणतात, सही करून टाक, असोसिएशन आपलीच आहे. आपलीच असेल तर ती कंपनीच्या बाजूने का बोलते? मी काय करू?

एक सभासद, मुलुंड (पूर्व)

ताई, नमस्कार.

आधी दोन गोष्टी सांगते, कारण दिवस थोडे आहेत. तो छापील फॉर्म सही करून पाठवू नका. आणि सभा होईपर्यंत मेंटेनन्स थांबवू नका. मुलाचा राग मला समजतो, पण त्याने सुचवलेला उपाय नेमका कंपनीच्या पथ्यावर पडेल. तो कसा, ते पुढे येईलच.

‘आपलीच असेल तर ती कंपनीच्या बाजूने का बोलते’ हा तुमचा प्रश्न पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. टाइमशेअर घेतलेले लोक वर्षानुवर्षं गाद्यांबद्दल, गीझरबद्दल, बुकिंगबद्दल तक्रारी करतात. त्या तक्रारी खऱ्याच असतात. पण त्यांचं मूळ जिथे आहे तिथे कोणी बघत नाही. असोसिएशनमध्ये मतं कोणाकडे आहेत, हा तो प्रश्न.

असोसिएशन जन्माला येते तेव्हा एकही आठवडा विकला गेलेला नसतो. पोटनियम विकासक, म्हणजे रिसॉर्ट बांधून आठवडे विकणारा, लिहितो, पहिली कार्यकारिणी तोच नेमतो, रिसॉर्ट चालवायचं कंत्राट आपल्याच दुसऱ्या कंपनीला तोच देतो. सुरुवातीला हे अपरिहार्य असतं. बहुतेक आठवडे विकले गेले की सूत्रं मालकांकडे यावीत, अशी अपेक्षा असते. अनेक ठिकाणी ती येतच नाहीत, कारण पोटनियमात एका आठवड्याला एक मत असतं आणि न विकलेल्या आठवड्यांची मतं विकासकाकडेच राहतात.

आकडे मांडून बघू. समजा, रिसॉर्टला ४० खोल्या आहेत. दर खोलीचे वर्षाचे ५१ आठवडे विकायचे, एक दुरुस्तीसाठी ठेवायचा. म्हणजे २,०४० आठवडे, २,०४० मतं. त्यातले ६०० कधी विकलेच गेले नाहीत. आणखी ३०० जणांनी मेंटेनन्स थकवला, किंवा कंटाळून आठवडा परत केला, आणि ते आठवडे विकासकाच्या खाती जमा झाले. त्याच्याकडे ९०० मतं झाली, तुमच्यासारख्या मालकांकडे १,१४०. कागदावर बहुमत तुमचं आहे. पण सभा पाचगणीला, सकाळी अकरा वाजता. मुलुंड, पुणे, नाशिक, बडोदा इथे विखुरलेल्या लोकांपैकी किती जण पोचणार? साठ आले तरी सभा भरलेली वाटते. मतमोजणी मग नऊशे विरुद्ध साठ अशी होते, आणि त्यातही घरी बसलेल्या शंभर-दोनशे जणांनी तुम्हाला आलाय तसा छापील फॉर्म सही करून पाठवलेला असतो. ठराव ‘प्रचंड बहुमताने’ मंजूर होतो आणि इतिवृत्तात ते खरंच असतं.

आता तुमच्या मुलाचा सल्ला या हिशेबात घालून बघा. तुम्ही पैसे थांबवले, काही काळाने सभासदत्व रद्द झालं, तर तुमचं एक मत १,१४० मधून वजा होऊन ९०० मध्ये जमा होईल. सोडून जाणारा प्रत्येक जण मागे राहिलेल्यांना असं थोडं थोडं दुबळं करतो. यात सोडणाऱ्याचा दोष नाही, रचनाच तशी आहे.

मतांखालोखाल बघायचं ते चालवणाऱ्या कंपनीचं कंत्राट. अशी कंत्राटं बऱ्याचदा खर्चाच्या टक्केवारीवर असतात. आपल्याच उदाहरणात दर आठवड्याला १४ हजार मेंटेनन्स धरला तर वर्षाचं अंदाजपत्रक २ कोटी ८५ लाख ६० हजार होतं. दहा टक्के व्यवस्थापन शुल्क म्हणजे साडेअठ्ठावीस लाखांच्या वर. खर्च वाढला की शुल्क वाढतं. खर्च कमी करायची ओढ कंपनीला वाटेल अशी सोयच त्यात नसते. ती ओढ असायला हवी असोसिएशनच्या कार्यकारिणीला, आणि कार्यकारिणीत कंपनीचीच माणसं असतील तर भाव करणारा आणि भाव सांगणारा एकाच बाजूला बसतात. तुमचे अडीच हजारांचे अठरा हजार झाले त्यात महागाईचा वाटा नक्कीच आहे. सत्तावीस वर्षांहून जास्त काळ गेलाय. पण किती वाटा महागाईचा आणि किती या एकाच बाजूला बसण्याचा, हे हिशेब बघितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून ते हिशेब मागायचे.

मागताना एक ओळ खास शोधा: न विकलेल्या आणि परत आलेल्या आठवड्यांचा मेंटेनन्स विकासक भरतो का? आपल्या उदाहरणात त्याने ९०० आठवड्यांचे पैसे भरले नाहीत, तर तोच २ कोटी ८५ लाखांचा खर्च उरलेल्या १,१४० जणांवर पडतो आणि १४ हजारांचे २५ हजार होतात. मत द्यायला ते आठवडे त्याचे आणि खर्च वाटून घ्यायला तुमचे, असं चाललं असेल तर ती सभेत उभं राहून विचारायची गोष्ट आहे. त्याच्याच जोडीला भाड्याचा प्रश्न. मे महिन्यात तुम्हाला ‘फुल’ सांगून त्याच खोल्या इंटरनेटवर भाड्याने दिल्या जातात, ते भाडं कोणाच्या खात्यात जातं? असोसिएशनच्या उत्पन्नात ते दिसतं का? तुम्ही ज्या तारखांना खोली मागितली त्यांचे स्क्रीनशॉट मुलाला आजच काढून ठेवायला सांगा.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. टाइमशेअरची कल्पना १९६० च्या दशकात फ्रेंच आल्प्समधून निघाली आणि सगळ्यात जास्त फोफावली अमेरिकेत. फ्लोरिडात त्यासाठी १९८१ पासून स्वतंत्र कायदा आहे. विकत घेतल्यावर दहा दिवसांत सौदा रद्द करायचा हक्क तिथे मिळतो आणि तो हक्क कोणाला लिहून घेऊन काढूनही घेता येत नाही. इतकं असूनही तिथल्या मालकांची जुनी तक्रार तीच आहे, असोसिएशन विकासकाच्या मुठीत. तिथे भांडणाचा एक मोठा मुद्दा असतो सभासदांच्या यादीचा. फ्लोरिडाच्या कायद्यानुसार यादी व्यवस्थापनाकडे असते. एका मालकाला दुसऱ्याचा पत्ता त्याच्या संमतीशिवाय मिळत नाही. फार तर तुमचं पत्र तुमच्या खर्चाने व्यवस्थापन इतरांना पाठवतं. खासगीपणासाठी ते योग्यच असेल, पण परिणाम असा होतो की कंपनी सगळ्यांशी बोलू शकते आणि मालक मात्र एकमेकांशी बोलू शकत नाहीत.

तुमच्यापुढे जो ‘पॉइंट्स’चा प्रस्ताव आलाय, तोही अमेरिकेत आधी येऊन गेलाय. तिथल्या अनेक पॉइंट्स योजनांमध्ये मालकांचे आठवडे एका ट्रस्टच्या नावे होतात. मालकाला पॉइंट्स मिळतात, कुठेही फिरायची मुभा मिळते, आणि त्या आठवड्याचं मत ट्रस्ट चालवणाऱ्याकडे जातं. जास्त फिरायला मिळेल हे खरं असू शकतं, काहींना ते सोयीचंही पडतं. पण तुमच्या प्रस्तावात आठवडा कोणाच्या नावे होणार आणि मत कोण देणार, हे दोन प्रश्न लेखी विचारल्याशिवाय त्याचा विचारही करू नका. आणि सभेत कोणी ‘पॉइंट्स वापरले नाहीत तर व्याजासह पैसे परत’ म्हणालं तर तिथेच सावध व्हा. हॉलिडे प्लॅनच्या नावाने पैसे घेऊन परताव्याचं आश्वासन दिलं की तो विषय शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या सामूहिक गुंतवणूक योजनांच्या कक्षेत जाऊ शकतो. मुंबईतच मुख्यालय असलेल्या पॅनकार्ड क्लब्जला सेबीने २०१६ मध्ये याच कारणावरून सुमारे ५१ लाख लोकांचे सात हजार कोटींहून जास्त रुपये परत करायचा आदेश दिला होता.

आता पुनर्विकास. मुंबईकराला हे समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत. बिल्डर फ्लॅट विकतो, ताबा देतो, सोसायटीही करून देतो, पण जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी सोसायटीच्या नावे करून, द्यायला वर्षानुवर्षं टाळाटाळ करतो. १९६३ च्या मोफा कायद्यात, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट-मालकी कायद्यात, ते देणं बंधनकारक असूनही शेवटी मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने दिलं नाही तरी ते मिळवायची, तरतूद आणावी लागली. का? कारण खरी किंमत जमिनीत असते. तुमच्या रिसॉर्टचंही तसंच आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. नव्या बांधकामावर तिथे कडक बंधनं आहेत, म्हणून जी इमारत आधीपासून कायदेशीर उभी आहे तिचं मोल नुसत्या खोल्यांच्या भाड्यावरून काढता येत नाही. गीझर बंद पडला तर तुमचं दोन दिवसांचं सुख जातं. पण पुनर्विकासाचा, विक्रीचा किंवा विसर्जनाचा ठराव झाला तर १९९७ साली घेतलेली गोष्टच जाते, आणि तो ठराव ज्याच्याकडे मतं आहेत तो करतो. असोसिएशनवर ताबा कोणाचा, हा प्रश्न मला म्हणून इतका जिव्हाळ्याचा वाटतो.

तेव्हा या आठवड्यात करायचं पहिलं काम. तुमची असोसिएशन कोणत्या कायद्याखाली नोंदलेली आहे ते शोधा. लेटरहेडवर किंवा पावतीवर नोंदणी क्रमांक असतो. त्यावरून पुढचं सगळं ठरतं.

ती सहकारी संस्था निघाली तर तुम्ही नशीबवान आहात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ प्रमाणे एका सभासदाला एकच मत असतं आणि ते स्वतः हजर राहून द्यायचं असतं, प्रॉक्सी चालत नाही. विकासकाकडे नऊशे आठवडे असले तरी सभासद म्हणून त्याचं मत एक. आलेला फॉर्म मग निव्वळ रद्दी ठरतो आणि तक्रार थेट उपनिबंधकांकडे करता येते. मात्र विकासक असोसिएशनसाठी हा साचा सहसा निवडत नाहीत, त्यामुळे यावर फार आशा ठेवू नका.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था असेल तर मताचा हिशेब पोटनियमांवर चालतो. महाराष्ट्रात या संस्थांची नोंदणी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असते. मुंबईतलं वरळीला आहे, रिसॉर्टच्या पत्त्यावर नोंदणी असेल तर साताऱ्याला जावं लागेल. कलम ४ खाली दरवर्षी कार्यकारिणीची यादी तिथे दाखल करावी लागते. ती मागवा आणि त्यातली किती नावं कंपनीच्या नोकरीत आहेत ते बघा. या कायद्यातली दोन कलमं तुमच्या फार उपयोगाची आहेत. कलम १२ म्हणतं, संस्थेचे उद्देश बदलायचे किंवा ती दुसऱ्या संस्थेत विलीन करायची तर सभासदांच्या तीन-पंचमांश मतांचा ठराव लागतो, आणि महिन्याभराने दुसरी सभा घेऊन तो तितक्याच मतांनी पुन्हा कायम करावा लागतो. एका रविवारी पाचगणीला हात वर करून ते होत नाही. आणि कलम १५ म्हणतं, ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली त्याला मतदानाचा हक्क नाही. मेंटेनन्स थांबवू नका असं मी सुरुवातीला म्हटलं, त्याचं कायद्यातलं कारण हे.

तिसरी शक्यता, असोसिएशन म्हणजे कंपनी असण्याची. भागभांडवल नसलेली, हमीने मर्यादित कंपनी असा साचा क्लब आणि असोसिएशनना सोयीचा पडतो. तसं असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शंभर रुपये भरून तिचे जाहीर दस्तऐवज बघता येतात: संचालक कोण, ताळेबंद काय, कोणाकडे काय गहाण आहे. हे काम मुलाला द्या, त्याचा राग कारणी लागेल. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १०५ मध्ये प्रॉक्सीचे नियम आहेत आणि ते तुमच्या फॉर्मवर अगदी बेतून लिहिल्यासारखे आहेत. भागभांडवल नसलेल्या कंपनीत नियमावलीत तशी सोय असेल तरच प्रॉक्सी चालते. विशिष्ट माणसाचं नाव सुचवून ‘याला प्रॉक्सी नेमा’ असं आवाहन कंपनीच्या खर्चाने सभासदांना पाठवलं, तर पाठवणाऱ्या अधिकाऱ्याला पन्नास हजार रुपयांचा दंड होऊ शकतो. सभासदाने स्वतः लेखी मागितलं असेल तेव्हाच सूट आहे. शिवाय तीन दिवस आधी लेखी कळवलं तर सभेच्या चोवीस तास आधीपासून सभा संपेपर्यंत जमा झालेल्या सगळ्या प्रॉक्सी तुम्हाला तपासता येतात. त्या जरूर तपासा. गेलेल्या माणसांच्या नावाने सह्या आहेत का, हे बघायची तीच वेळ असते. सभेची सूचनाही साधारणपणे पूर्ण २१ दिवसांची लागते, तेव्हा पत्राचं पाकीट आणि त्यावरचा टपाल शिक्का फेकू नका.

चौथी शक्यताही सांगायला हवी. असोसिएशन कुठेच नोंदलेली नसेल, नुसतं नाव आणि लेटरहेड असेल. आपल्याकडे टाइमशेअरसाठी स्वतंत्र कायदा नाही. बहुतेक योजनांमध्ये ठरावीक वर्षं वापरायचा हक्क तेवढा विकलेला असतो, मालकी नसते. तुमच्या सर्टिफिकेटवर ‘मालक’ लिहिलंय म्हणून जमिनीत वाटा असेलच असं नाही. मूळ करार काढा आणि हक्क किती वर्षांचा आहे ते वाचा. जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका ऑनलाइन बघता येते. त्यावर कोणाचं नाव आहे हे कळलं की ‘मालक-सभासद’ या शब्दांची किंमत कळेल.

‘उत्तर न आल्यास संमती गृहीत धरू’ या वाक्याला घाबरू नका. गप्प बसलेला माणूस करारातला बदल मान्य करतो, असं आपला करार कायदा सर्वसाधारणपणे मानत नाही. पण म्हणून गप्पही बसू नका, कारण सभेतला बहुमताचा ठराव वेगळ्या वाटेने तुमच्यावर लादला जाऊ शकतो. एक पानी पत्र लिहा. पुनर्विकासाला, पॉइंट्सच्या रूपांतराला आणि पंचेचाळीस हजारांच्या वर्गणीला माझी संमती नाही. मौन म्हणजे संमती हे मला मान्य नाही. गेल्या तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, व्यवस्थापनाच्या कंत्राटाची प्रत, विकासकाकडच्या आठवड्यांची संख्या आणि त्यांच्या मेंटेनन्सचा भरणा कळवा. पुनर्विकासाचा आराखडा आणि परवानग्या दाखवा. स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा, पोच जपून ठेवा.

मेंटेनन्स भरतानाही त्याच भाषेत दोन ओळी जोडा: ‘माझे सर्व हक्क राखून आणि वाढीला हरकत घेऊन भरत आहे.’ पुढे कुठे दाद मागायची वेळ आली तर या दोन ओळी कामाला येतात. विशेष वर्गणी मात्र ठराव, त्याचा आधार आणि हिशेब हातात येईपर्यंत भरू नका. एवढीच काळजी घ्या की ती न भरल्याने ‘थकबाकीदार’ ठरवून मत नाकारता येईल असा पोटनियम आहे का, ते आधी वाचा.

आता नावाचं. यजमानांच्या नावावरचं सर्टिफिकेट असताना तुम्ही सभेला गेलात तर दारातच ‘तुम्ही सभासद नाही’ म्हणतील. नॉमिनी म्हणून नाव असलं तरी नोंदवहीत नाव चढवून घ्यावं लागतं, आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे हे तुम्हाला बिल्डिंगच्या सोसायटीमुळे माहीत असेलच. मृत्यू दाखला, सर्टिफिकेटची प्रत, मुलांचं ना-हरकत पत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडून अर्ज आजच द्या. अर्ज दिल्याची पोच हवीच. सभेआधी नाव चढलं नाही, तर मतदानाच्या हक्काचा अर्ज प्रलंबित असताना मतदान घेतलं, ही हरकत तुम्ही लेखी नोंदवू शकता.

यात सगळ्यात कठीण काम आहे इतर मालकांना गाठायचं, आणि तेच सगळ्यात मोलाचं आहे. यादी मागा. देणार नाहीत कदाचित. पण पंचवीस वर्षं एकाच हंगामात एकाच ठिकाणी जाणाऱ्यांची ओळख होतेच. तुमच्या जुन्या फोनच्या वहीत, मुलांच्या लहानपणच्या फोटोंत कोण कोण आहे ते आठवा. यजमानांच्या ऑफिसातल्या आणखी कोणी घेतला होता का? एजंट त्या काळी एका ऑफिसात दहा-दहा जणांना विकायचे. तुमच्या असोसिएशनमध्ये प्रॉक्सी चालत असेल, तर पंधरा जण जमले तरी आपापल्या प्रॉक्सी एका विश्वासू माणसाच्या नावे देता येतात आणि पाचगणीला एकालाच जावं लागतं. असोसिएशन कंपनी असेल आणि एकूण मतांच्या एक-दशांश मतं गोळा झाली, तर कलम १०० खाली तुम्ही स्वतः विशेष सभा बोलावायला भाग पाडू शकता. संचालकांनी २१ दिवसांत हालचाल केली नाही तर मागणी करणारेच ती बोलावू शकतात. आमच्या उदाहरणात एक-दशांश म्हणजे २०४ मतं. अवघड आहे, अशक्य नाही.

जाऊबाईंनी सही करून पाठवली असेल तर सांगा, दिलेली प्रॉक्सी सभेआधी लेखी कळवून रद्द करता येते. कळवणं सभेआधी पोचलं पाहिजे, नाहीतर दिलेलं मत ग्राह्य धरलं जातं.

एवढं करूनही उत्तरं मिळाली नाहीत तर ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मुळे तुम्ही जिथे राहता तिथे तक्रार करता येते. पाचगणी किंवा कंपनीचं मुख्यालय असलेल्या गावी जायची गरज नाही. मुलुंडसाठी मुंबई उपनगर जिल्हा आयोग. भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा खोली नाकारल्याच्या अलीकडच्या तारखा लिहून ठेवा. एकाच प्रकारची तक्रार असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. शिवाय १९७५ पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहे. कागद घेऊन त्यांच्या मार्गदर्शन केंद्रात जा. ठरावालाच आव्हान द्यायचं झालं तर मात्र वकील लागेल, आणि कोणतं न्यायालय हे पुन्हा नोंदणीवरच ठरेल.

एक इशारा. अशा सभांच्या आसपास ‘तुमचा टाइमशेअर आम्ही चांगल्या भावाने विकून देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा’ असे फोन येऊ लागतात. आधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, ओटीपी तर नाहीच.

शेवटी, मुलगा म्हणतो त्याचा दुसरा अर्धा भाग. तुम्हाला पाचगणीला जायचं नसेल, मुलांनाही नको असेल, तर यातून बाहेर पडणं पूर्णपणे रास्त आहे आणि त्यासाठी वाईट वाटून घेऊ नका. यजमानांनी हौसेने घेतलेली गोष्ट आहे म्हणून आयुष्यभर अठरा हजार भरत राहायला हवं असं काही नाही. फक्त क्रम असा ठेवा: आधी सर्टिफिकेट तुमच्या नावे, मग सभेत विरोधी मत, मग हिशेब हातात, आणि मगच परत करायची बोलणी. परत करताना आजवरची आणि पुढची कोणतीही देणी नाहीत असं पत्र शिक्क्यासह घ्या, आणि पुनर्विकासातून किंवा जमिनीच्या विक्रीतून सभासदांना काही मिळणार असेल तर त्यातला तुमचा वाटा सोडल्याचं कलम त्या कागदात गुपचूप घातलेलं नाही ना, हे मुलाकडून वाचून घ्या. नोंदणी क्रमांक सापडला की मला पुन्हा लिहा. सभासदांनी मागायच्या माहितीच्या पत्राचा मसुदा त्या त्या कायद्यानुसार करून देईन.